घुमटाचे कातडे

चामड्याचे वाद्य मुळातच अल्पायुषी. वीणेची तार तुटली तर दुसरी चढवितात, आणि वीणा तीच राहते, याविषयी कोणाचा वाद नाही. परंतु मृदंगाची पुडी फाटली, मग वादी कुजली, गठ्ठे हरवले आणि शेवटी खोडासही वाळवी लागली, म्हणजे तो मृदंग कोठपर्यंत तोच राहिला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या धंद्यात अशा प्रश्नाचे ठरीव उत्तर असते. मूळ दस्तऐवज असेल तर तोच पुढे आणावा. तो गहाळ झाला असेल तर त्याची खरी नक्कल चालावी. आणि नक्कलही नसेल तर ज्याने तो डोळ्यांनी पाहिला त्याचे तोंडी निवेदन घ्यावे. १८७२ चा पुरावा कायदा १ जुलै २०२४ रोजी गेला व त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही उतरंड कायम आहे. अडचण एवढीच की, दस्तऐवजाचा मजकूर नकलेत उतरतो. वाद्याचा आवाज तसा उतरत नाही.

या विषयात आमचा प्रवेश झाला तो देवळाच्या दारातून नव्हे, तर वारसाहक्काच्या एका प्रकरणातून. मृताच्या मालमत्तेची वाटणी करण्यापूर्वी तिची यादी न्यायालयापुढे मांडावयाची, ही गोव्यातील पोर्तुगीज अमदानीपासूनची पद्धत; २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही ती राखली आहे. साष्टीतील एक ख्रिस्ती गृहस्थ मुंबईच्या हॉटेलांतील बँडांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ड्रम वाजवीत असत. ते वारले तेव्हा घर व नारळीची बाग यांविषयी दोघा मुलांत तंटा झाला नाही. तंटा झाला तो शिकागोच्या लुडविग कंपनीच्या जुन्या ड्रमसंचाविषयी. मोल ठरविण्यासाठी मुंबईहून एक जाणकार आला. त्याने जमिनीवर धोतराएवढे कापड अंथरले आणि संचातील प्रत्येक कडे, प्रत्येक स्क्रू सोडवून त्यांचे तीन ढीग घातले. पहिला ढीग कारखान्यातून वाद्याबरोबर आलेल्या मूळ भागांचा. दुसरा, त्याच साच्याबरहुकूम आज नव्याने घडविल्या जाणाऱ्या नकलांचा. तिसरा, जे मिळाले ते बसवून काम भागविले अशा पर्यायांचा. त्यात सायकलच्या दुकानातला एक नटही होता. जुन्या ड्रमांवरील जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे भाग कालांतराने ठिसूळ होऊन चिरतात, म्हणून तिसरा ढीग लहान नसतो, असे तो म्हणाला.

आम्हांस दोन गोष्टींचे नवल वाटले. पहिली ही की, वाद्याच्या तोंडावरच्या पडद्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. हे ड्रम पूर्वी वासराच्या कातड्याने मढवीत. १९५७ साली रेमो बेली यांनी अमेरिकेत प्लास्टिकच्या पडद्यांचा कारखाना काढला आणि थोड्याच वर्षांत कातडे मागे पडले. पडदा म्हणजे वातीसारखा, जळणारच, असा त्या जाणकाराचा हिशेब. दुसरी गोष्ट ही की, लाकडी पिंपाच्या कडेला कोणी नवे छिद्र पाडले आहे काय, हे तो भिंग लावून बघत होता. परका स्क्रू काढून टाकता येतो, नकली कान बदलता येतो. पाडलेले छिद्र मात्र बुजविले तरी पाडलेलेच राहते. आयुष्यभर खरेदीखते वाचणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हा भेद तत्काळ पटला. रद्द करता येण्याजोगा करार आणि रद्द न होणारा करार यांत जे अंतर, तेच हे.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या गावच्या देवस्थानच्या समितीने आम्हांस बोलाविले. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली चालणारे हे देऊळ; आम्ही तेथले एक महाजन, आणि वकील असल्यामुळे बिनमोलाचे सल्लागार. नगारखान्यातील नगारा, सभामंडपातील पखवाज आणि सुंवारीची तीन घुमटे दुरुस्तीस आली होती. देणगी मिळाली होती. प्रश्न होता तो दुरुस्ती कशी करावी याचा.

नगाऱ्याचे काम लवकर उरकले. तांब्याच्या भांड्याला बुडाशी भेग होती. तांबटाने तांब्याचाच तुकडा जोडला, वर म्हशीचे कातडे चढले, आणि दुसऱ्या पहाटे चौघडा वाजला.

पखवाजावर मात्र बराच खल झाला. खोड शिसवीचे, वजनदार, कोणी दिले ते कोणास ठाऊक नाही. वाद्ये विकणाऱ्या एका दुकानदाराने असे सुचविले की, वादी-गठ्ठ्यांचा जुना खटाटोप हवा कशाला? खोडावर लोखंडी कान स्क्रूने बसवावेत, दोन्ही तोंडांना लोखंडी कडी घालावीत, आणि बोल्ट पिळला की सूर चढला. ढोलकीवर हे केव्हाच झाले आहे. भजनी मंडळींत नटबोल्टची ढोलकी सर्रास दिसते आणि तिच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. हातोडीने गठ्ठा ठोकीत बसण्यापेक्षा पाना फिरविणे सोपे, आणि पावसाळ्यात तर फारच सोपे. तरीही आम्ही विरोध केला. विरोध लोखंडास नव्हता, छिद्रांस होता. जुन्या शिसवी खोडावर सोळा छिद्रे पाडली, की पुढे कोणाच्या मनात परत वादी ओवावी असे आले तरी खोड पूर्वीचे होत नाही. उलट, आज वादीऐवजी सुती दोरी ओवली तरी उद्या ती काढून टाकता येते. समितीतील एका तरुणाने विचारले, “मग पुडी नवी चालते, गठ्ठे नवे चालतात, डाव्या तोंडावर तर रोज नवी कणीक लागते, मग एवढ्या छिद्रांचेच काय?” प्रश्न वाजवी होता. पुडी, शाई, वादी, कणीक ही पखवाजाची झिजणारी अंगे आहेत. ती बदलावीत अशाच बेताने पूर्वजांनी तो घडविला. खोड त्या बेतात नाही. शेवटी खोड तेच, गठ्ठे जुन्यांच्या मापाने नवे, आणि वादी चामड्याची असे ठरले. सांगावयास हरकत नाही की, वाद्य आता उत्तम बोलते आणि जुळविताना पखवाजी आम्हांस मनातल्या मनात शिव्या देतो.

येथवर साष्टीच्या त्या जाणकाराचा न्याय आम्हांस पुरला. घुमटापाशी आल्यावर तो संपला.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याच्या वाचकांस घुमट म्हटले की कळसाखालचा घुमट आठवेल. म्हणून दोन शब्द सांगतो. आमचे घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंडे असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे असते, लहान तोंड उघडे. उजव्या हाताने कातड्यावर बोल काढावयाचे आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकीत-उघडीत आतला वारा आवरावयाचा. त्या वाऱ्याचा जो घुमार, तो या वाद्याचा प्राण. समेळ आणि कासाळे यांच्या जोडीने देवळात सुंवारी होते, चवथीच्या आरत्या होतात, शिगमा होतो. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या मांडोतही व्हायोलिनच्या शेजारी हेच घुमट असते. २०१९ साली गोवा शासनाने ते राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले.

आता या वाद्याची रचना पाहा. त्याला वादी नाही, गठ्ठा नाही, कडे नाही, स्क्रू नाही. ओले कातडे तोंडावर ताणून काठाखाली दोरीने आवळले, वाळले, की झाले. सूर उतरला तर शेकोटीपाशी धरावे; दुसरा उपाय नाही. भांडे कुंभार पुन्हा घडवू शकतो, आणि ते फुटतेही वारंवार. म्हणजे लुडविगच्या ड्रमात जे क्षणभंगुर, तेच येथे सर्वस्व. आणि ते कातडे परंपरेने घोरपडीचे. पातळ, चिवट, आणि बोटाच्या हलक्या थापेलाही तत्काळ उत्तर देणारे. दक्षिणेकडील खंजिरीसही हेच कातडे लावीत.

घोरपड हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली, पण घोरपड पहिल्याच अनुसूचीत राहिली. तिला मारणे, तिचे कातडे विकणे किंवा विकत घेणे यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आहे. वारसाहक्काने आलेल्या अशा वस्तूचीही नव्वद दिवसांच्या आत घोषणा करावी लागते. शिवाय वस्तू जवळ सापडली तर ती बेकायदा आहे असे गृहीत धरून, तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर पडतो. ज्या थोड्या कायद्यांत नेहमीचा न्याय असा उलटा फिरतो, त्यांपैकी हा एक. देवकार्यास यात सवलत नाही. जी घोरपड सिंहगडच्या कड्यावर दोर घेऊन चढली अशी आख्यायिका आपण बालपणी ऐकतो, जिच्या नावाचे एक मोठे मराठा घराणे आहे, तिच्या वाट्याला कायद्याचे संरक्षण आले याचा आम्हांस विषाद नाही.

समितीत मात्र याचे स्वागत झाले नाही. तीनपैकी दोन घुमटांची कातडी फाटली होती, आणि चवथ तीन महिन्यांवर आली होती. एक वयस्क महाजन हळूच म्हणाले, “डोंगरापलीकडे एक माणूस आहे. रात्री आणून देईल. देवाच्या कामाला कसला कायदा?” बैठकीत कोणी हो म्हटले नाही, पण कोणी नाहीही म्हटले नाही, आणि हे दुसरे मौन आम्हांस अधिक जड गेले. आम्ही स्पष्ट सांगितले की, असे कातडे देवळात आले तर समितीच्या नावाने वकीलपत्र घ्यावयास आम्ही उभे राहणार नाही, आणि आमच्या महाजनकीचे काय करावयाचे ते सभेने ठरवावे. संबंध काही दिवस ताणले गेले. गावात असे होते.

मग दुसरी वाट निघाली. एका विक्रेत्याने नमुना पाठविला : बकरीचे कातडे, पण त्यावर शाईने खवल्यांची नक्षी उठविलेली. चार हातांवरून पाहिले तर घोरपडच. किंमत साध्या कातड्याच्या तिप्पट. समितीतील कित्येकांस ही तोड फार आवडली. कायदाही राहिला आणि देखावाही राहिला. आम्हांस मात्र ती वस्तू हातात धरवेना. १९६४ साली व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी जी सनद झाली, तीत असे तत्त्व आहे की, हरवलेल्या भागाऐवजी जो नवा भाग बसवावा तो एकंदर रचनेशी जुळणारा असावा, पण नवा आहे हे ओळखू येईल असाही असावा. एरव्ही डागडुजीच इतिहासाचा खोटा पुरावा होऊन बसते. तत्त्व परदेशी सनदेतले असले तरी आपल्यास परके नाही. आमच्या भागातील देवांचीच गोष्ट घ्या. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशास कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आणले. देऊळ मागे राहिले, देव पुढे आला, आणि नवे देऊळ उभे राहिले. ते कुशस्थळीचेच देऊळ आहे असे सोंग कोणी केले नाही. मूर्ती भंगली तर तिच्यातील कला कलशात आकर्षून घेऊन ती नव्या मूर्तीत स्थापावी आणि जुनीचे विसर्जन करावे, असा आपला जीर्णोद्धाराचा विधी आहे. त्यात बदल झाकलेला नसतो. तो मंत्र म्हणून, चारचौघांदेखत केलेला असतो. रंगविलेले खवले म्हणजे याच्या नेमके उलट. तो नमुना परत गेला.

राहिले साधे बकरीचे कातडे. आमच्या देवळाचे जुने घुमटवादक, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, त्यांच्या मांडीवर पहिले नवे घुमट ठेवले. त्यांनी चार बोल काढले, ते उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, “हें घुमट न्हय, वकीलबाब. हें मडकें.” त्यांचे चुकत नव्हते. बकरीचे कातडे जाड. जाड पडदा सावकाश हलतो, सूर खाली जातो, आणि बोटांच्या बारीक अक्षरांचा चिखल होतो. त्यातून भाद्रपदाची हवा ओली. आबांची बोटे साठ वर्षे ज्या उत्तराची सवय करून बसली होती, ते उत्तर येत नव्हते. चवथीला वाजविणार नाही असे त्यांनी घरी सांगितले, आणि ते आमच्यापर्यंत पोहोचावे अशी व्यवस्थाही केली.

आम्ही त्यांना घेऊन डिचोलीच्या एका कुंभाराकडे गेलो. तेथे जे घडले ते आम्ही केवळ पाहिले; त्याचे श्रेय आमचे नाही. कुंभाराने विचारले, कातडे बदलले, मग भांडे तेच का? आबा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. घोरपडीसाठी जेवढे तोंड ठेवीत तेवढेच आजवर बकरीसाठीही ठेवले जात होते, जणू नवा वारस जुन्याच कपड्यांत कोंबावा. आबा म्हणाले, “तोंड ल्हान कर.” तोंड लहान झाले की जाड पडदाही चढा बोलतो. पण पोट तेवढेच ठेवावयाचे, नाही तर घुमार जातो. तीन मापांची तीन भांडी घडली. एक भट्टीत तडकले. कोवळ्या करडाचे कातडे आणून ते आतल्या बाजूने खरडून पातळ केले, ते दोनदा फाटले, तिसऱ्यांदा टिकले. या खटपटीत आषाढ गेला आणि श्रावणही बराचसा गेला. कुंभाराकडे जाताना आबा न फाटलेले तिसरे जुने घुमट फडक्यात गुंडाळून नेत आणि एकदा हे, एकदा ते असे वाजवून बघत. शेवटच्या भांड्यावर ते जरा थांबले. “उलयता,” ते म्हणाले. “पूण कानांत उलयता.” बोलते, पण कानात बोलल्यासारखे बोलते.

चवथीच्या दिवसांत आबा वाजवावयास बसले. दर आरतीपूर्वी घुमट निखाऱ्यांवर शेकावे लागले, आणि गाणाऱ्यांस स्वर किंचित बदलून घ्यावा लागला. बाहेरगावाहून आलेल्यांस फरक कळला नाही. ज्यांना कळला त्यांपैकी काही उठून गेले, काही बसून राहिले. ज्या मुलांनी घोरपडीचे घुमट फारसे ऐकलेच नव्हते, ती त्याच आवाजावर ताल धरून बसली होती.

देवस्थानच्या वस्तूंच्या वहीत नोंद कशी करावी यावरही थोडा वाद झाला. ‘घुमटे, दुरुस्त, नग दोन’ एवढेच लिहावे असा एक मसुदा होता. आम्ही आग्रहाने लिहविले : ‘घुमटे, मातीची, डिचोली घडणीची, तोंड लहान केलेले, करडाच्या कातड्याची, नग दोन. पूर्वीची घोरपडीची कातडी काढून वनखात्याकडे देण्यासाठी निराळी ठेवली.’ पन्नास वर्षांनी कोणी ही वही उघडली तर त्यास आमच्या काळात काय गेले आणि काय आले ते तरी कळावे.

तिसऱ्या, न फाटलेल्या घुमटाचा निर्णय राहिला होता. त्याच्या मालकीचा दाखला कोणाजवळही नव्हता. भिंतीवर टांगून ठेवावे, कोण पाहतो, असे सुचविणारे होतेच. पण वनखात्याकडे पहिल्याच महिन्यात दिलेल्या अर्जात आम्ही तिन्हींचा उल्लेख केला होता, आणि आबांनीही, आम्ही न विचारता, ते द्यावे असे सांगितले. त्याचा आवाज मोबाइलवर उतरवून घेतला. ऐकताना तो डब्यातून आल्यासारखा वाटतो, पण आहे. चवथीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही दोघे वनखात्याच्या कचेरीत गेलो. पंचनामा लिहिणारा वनरक्षक तरुण होता. फाटकी दोन कातडी त्याने मोजून घेतली, मग तिसरे घुमट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे वाजते का?” आबांनी ते त्याच्या हातातून घेतले, खुर्चीवर नीट बसले आणि पंख्याखाली, फायलींच्या मध्ये, सुंवारीची एक पूर्ण आवर्तने वाजविली. शेजारच्या खोलीतून दोन कारकून दारात येऊन उभे राहिले. मग त्यांनी घुमट फडक्यात गुंडाळले आणि टेबलावर ठेवले. पंचनाम्यात वस्तूच्या वर्णनापुढे वनरक्षकाने लिहिले : ‘स्थिती, चांगली.’ साक्षीदार म्हणून आबांनी सही केली आणि तिच्याखाली आम्ही.